आकाशातले अनोळखी दिवे, लष्कराच्या चौकश्या आणि अण्णांनी पाहिलेला तांबडा ठिपका

खळ्यातली_सुपारी
नमस्कार मंडळी. बरीच वर्षं नुसती वाचतेय, धागा पहिल्यांदाच काढतेय.

माझे वडील, म्हणजे आमचे अण्णा, एसटीत ड्रायव्हर होते. आता निवृत्त. घर पूर्णगडच्या अलीकडे, खळ्यात उभं राहिलं की समोर थेट समुद्र. २०२५ च्या जानेवारीत एका रात्री, अकराच्या सुमाराला, त्यांना समुद्रावर एक तांबडा दिवा दिसला. "थांबला होता, मग हलला, मग गेला, मग परत आला," एवढंच ते सांगतात. आईला त्या रात्री त्यांनी उठवलंही नाही. मला हे कळलं गेल्या आठवड्यात, तेही भलताच विषय निघाला म्हणून. तेव्हाच का नाही सांगितलंत विचारलं, तर म्हणाले, "लोक म्हणतील म्हाताऱ्याला भुतं दिसायला लागली."

ज्या माणसाने उभी नोकरी रात्रीच्या गाड्या चालवल्या, आंबा घाटात वळणापलीकडचा उजेड बघून ट्रक येतोय की जीप ते सांगितलं, त्याला स्वतःच्या डोळ्यांची लाज वाटावी हे मला फार लागलं. म्हणून आठ दिवस वाचत बसले. अमेरिकेच्या हवाई दलाने अशा दिव्यांची वीसेक वर्षं चौकशी केली, इंग्लंडने केली, आपल्या सैन्यानेही केली. माझा प्रश्न सरळ आहे. या चौकश्यांतून खरंच काही हाती लागलं का? की लोकांना गप्प बसवण्यापुरत्याच होत्या? आणि आपल्याकडे कोणाला असं काही दिसलं तर सांगायचं कुठे?

मालवणी_बांगडो
आमच्या आजयेक इचारलंस तर ती सांगात, वेताळ फेरयेक भायर पडलो. अण्णांका माजो नमस्कार सांग. हसण्यासारखा काय नाय ह्येच्यात, आमच्या घरात तीन पिढ्यांनी दिवे बघल्यानी हत.

अवकाशवेडा_पुणे
ताई, धागा काढलात ते फार बरं केलंत. माझा हा जुना आवडीचा विषय.

२४ जून १९४७ रोजी केनेथ अरनॉल्ड नावाच्या खासगी वैमानिकाने अमेरिकेत माउंट रेनिअरजवळ नऊ चकाकत्या वस्तू वेगाने जाताना पाहिल्या. पाण्यावरून बशी फेकल्यावर ती जशी उसळत जाते तशी त्यांची चाल होती, असं तो म्हणाला. तो चालीबद्दल बोलत होता. वर्तमानपत्रांनी आकार धरला आणि "उडत्या तबकड्या" हा शब्द जन्माला आला. पुढे हजारो लोकांना तबकड्याच दिसल्या, हे लक्षात ठेवा.

१९४८ मध्ये हवाई दलाने 'प्रोजेक्ट साइन' सुरू केला, त्याचाच पुढे 'ग्रज' झाला आणि १९५२ पासून 'ब्लू बुक'. कचेरी ओहायोतल्या राइट-पॅटरसन तळावर. १७ डिसेंबर १९६९ रोजी तो बंद केल्याचं जाहीर झालं तेव्हा एकूण १२,६१८ नोंदी होत्या आणि त्यांपैकी ७०१ 'अनोळखी' म्हणून तशाच राहिल्या. निष्कर्ष असा की देशाच्या सुरक्षेला धोका नाही, आणि परग्रहावरच्या यानांचा पुरावाही नाही.

म्हणजे शंभरातल्या जवळपास पंचाण्णव नोंदींना उत्तर मिळालं: तारे, ग्रह, उल्का, फुगे, विमानं, ढग, पक्षी. काही चक्क थापा.

वैनतेय_दापोली
आणि उरलेल्या पाचांचं काय? ७०१ हा आकडा तुम्ही इतक्या सहज ओलांडून जाता कसे? त्यातली एक नोंद बघा. २४ एप्रिल १९६४, न्यू मेक्सिकोतलं सोकोरो. लॉनी झामोरा हा ड्यूटीवरचा पोलीस एका गाडीचा पाठलाग करत असताना गर्जना ऐकून वळतो, त्याला ओढ्यात अंड्याच्या आकाराचं काहीतरी उभं दिसतं, ते ज्वाळा टाकत उडून जातं. मागे जळकं झुडूप आणि जमिनीत खड्डे. ब्लू बुकच्या लोकांनी जागेवर जाऊन पाहिलं आणि शेवटी 'अनोळखी' असंच लिहिलं.

दुसरं, लष्कराची उत्तरं कशी असतात तेही सांगतो. ७ जानेवारी १९४८, केंटकी. कॅप्टन थॉमस मँटेल एका चकाकत्या गोलाचा पाठलाग करत वर वर गेला, जवळ ऑक्सिजन नव्हता, विमान कोसळून गेला बिचारा. चौकशीवाल्यांनी आधी सांगितलं, तो शुक्राचा तारा होता. नंतर म्हणाले, नौदलाचा स्कायहूक नावाचा प्रचंड फुगा असावा, तो प्रकल्प गुप्त होता. म्हणजे चौकशी करणाऱ्यांनाच माहीत नव्हतं की आपल्याच भावकीने आकाशात काय सोडलंय! अशा चौकशीवर विश्वास कसा ठेवायचा?

अवकाशवेडा_पुणे
@वैनतेय, मँटेलचा मुद्दा शंभर टक्के मान्य. रॉसवेलचंही तेच, न्यू मेक्सिकोतलं ते गाव, जिथे तबकडीचे म्हणून गाजलेले अवशेष सापडले. १९४७ मध्ये सांगितलं हवामानाचा फुगा, आणि खरं काय ते हवाई दलाने १९९४ मध्ये सांगितलं: रशियाच्या अणुचाचण्यांचा आवाज वातावरणाच्या वरच्या थरात पकडण्यासाठी सोडलेला 'मोगल' प्रकल्पाची फुग्यांची माळ. सत्तेचाळीस वर्षं! सीआयएच्या स्वतःच्या इतिहासकाराने १९९७ मध्ये लिहिलं की पन्नास-साठच्या दशकांतल्या निम्म्याहून जास्त नोंदी त्यांच्याच यू-२ सारख्या टेहळणी विमानांच्या होत्या. हा निम्म्याचा दावा सगळ्यांना पटलेला नाही, पण साठ हजार फुटांवरच्या विमानावर मावळतीचं ऊन पडलं की खालून ते पेटल्यासारखं दिसणारच.

लपवलं हे खरं. पण त्यामागे आपलंच विमान, आपलाच फुगा होता. लपवलं म्हणजे परग्रहवासी होते, ही उडी मला मारता येत नाही.

देवगडचा_हापूस
अण्णांनी पाहिलं ते चिपीला उतरणारं विमान नसेल ना?

खळ्यातली_सुपारी
@देवगडचा_हापूस, नाही हो. चिपी आमच्यापासून खूप खाली राहिलं, आणि अण्णा म्हणतात तो दिवा समुद्रावर, अगदी पाण्याला टेकून होता. विमानं त्यांना ओळखू येतात.

शुक्रतारा_अलिबाग
कोकण किनारा पश्चिमेकडे तोंड करून बसलेला. त्यामुळे संध्याकाळचा शुक्र आपल्याला बरोबर समुद्रावर दिसतो, खाली मध्ये काही अडत नाही. पाण्याजवळ आला की हवेच्या जाड थरातून तांबूस होतो, थरथरतो, रंग बदलतो. जानेवारी २०२५ मध्ये शुक्र संध्याकाळी अतिशय तेजस्वी होता. माझं मत शुक्राला.

भूगोलाच्या_बाई
@शुक्रतारा, त्या महिन्यात शुक्र साडेनऊच्या आसपास मावळत होता. अण्णांनी अकरा वाजता पाहिलं. तेव्हा तो आभाळातच नव्हता. वेळेची खात्री आहे ना ताई?

खळ्यातली_सुपारी
हो बाई. अण्णांची वेळ चुकत नाही. एसटीचं रक्त आहे ते.

जुना_रडारवाला
मी हवाई दलात रडारवर होतो. कुठे, कधी ते लिहीत नाही, पण जे काम केलं त्यातलं दोन शब्द.

रडार खोटं बोलत नाही, पण हवा खोटं बोलायला लावते. जमिनीलगत गार हवा आणि तिच्यावर गरम हवेचा थर बसला की रडारची लहर सरळ न जाता वाकते. मग दूरची जमीन, जहाज, कशाचाही ठिपका पडद्यावर भलत्याच जागी येतो, आणि थर हलला की ठिपका पळतो. दुसऱ्या महायुद्धात मुंबईला बसवलेल्या रडारला अरबस्तानचा किनारा दिसायचा, हजार-दीड हजार मैलांवरून. पुस्तकांत नोंद आहे. आपल्या किनाऱ्यावर पावसाळ्याच्या आगेमागे हा प्रकार आजही होतो. जुन्या लोकांना आठवत असेल, उन्हाळ्यात टीव्हीच्या अँटेनावर अचानक अरबी बातम्या लागायच्या.

जुलै १९५२ मध्ये लागोपाठ दोन शनिवारी वॉशिंग्टन शहराच्या डोक्यावर असे ठिपके आले. लढाऊ विमानं पाठवली, बहुतेक वेळा काही सापडलं नाही. २९ जुलैला मेजर जनरल सॅमफर्ड यांनी पत्रकारांना बोलावून हवेच्या या थरांकडे बोट दाखवलं. पुष्कळांना ते उत्तर पटलं नाही, अजूनही पटत नाही. मला पटतं, कारण मी तसे ठिपके रात्रभर पाहिलेत. पहिल्या रात्री माझीही छाती धडधडली होती. आमचे वॉरंट ऑफिसर शांतपणे म्हणाले, "वेळ लिही. दिशा लिही. वेग लिही. घाबर मग." ते वाक्य मी जन्मभर विसरलो नाही.

मालवणी_बांगडो
अरबी बातम्यो! आमच्या घराकडे मे म्हयन्यात लागायचे. आजो सांगायचो, दुबयसून काकान कळ फिरवल्यान.

वैनतेय_दापोली
@जुना_रडारवाला, आदराने विचारतो. वॉशिंग्टनला काही वैमानिकांनी डोळ्यांनीही दिवे पाहिले होते. हवेचा थर रडारला फसवेल, डोळ्यांनाही त्याच वेळी फसवेल? आणि २००४ मधलं निमित्झ, म्हणजे अमेरिकेच्या त्या नावाच्या विमानवाहू नौकेच्या ताफ्यातलं प्रकरण? युद्धनौकेचं रडार बघतंय, कमांडर डेव्हिड फ्रेव्हर स्वतःच्या डोळ्यांनी बघतोय, नंतर गेलेल्या विमानाच्या कॅमेऱ्यात टिपलं जातंय. तीन वेगळ्या साक्षी!

जुना_रडारवाला
@वैनतेय, प्रश्न योग्य आहे. निमित्झबद्दल माझ्याकडे उत्तर नाही, आणि ओढूनताणून देणार नाही. फ्रेव्हरसारख्या वैमानिकाला खोटं ठरवण्याचा मला अधिकारही नाही. वॉशिंग्टनबद्दल फक्त एवढंच की आपण पडद्यावर ठिपका पाहिला हे माहीत असलं की वैमानिकाचे डोळे त्या दिशेला काहीतरी शोधतात, आणि रात्री त्या दिशेला तारा असतोच.

अवकाशवेडा_पुणे
निमित्झ निघालंच आहे तर त्याच्या जोडीच्या व्हिडिओबद्दल. पेंटागॉनने एप्रिल २०२० मध्ये तीन व्हिडिओ अधिकृतपणे प्रसिद्ध केले. त्यातला 'गो फास्ट' बघताना वाटतं, पाण्यावरून काहीतरी सुसाट चाललंय. नासाच्या समितीने २०२३ मध्ये पडद्यावरच्याच आकड्यांवरून त्रिकोणमिती मांडली. ती वस्तू पाण्यालगत नव्हतीच, १३ हजार फुटांवर होती, आणि वेग ताशी ४० मैलांच्या आसपास. वाऱ्यासोबत वाहत जाणाऱ्या वस्तूचा असतो तेवढाच. पळत होतं ते विमान. कोकण रेल्वेत खिडकीशी बसल्यावर जवळची झाडं मागे पळतात आणि दूरचा डोंगर आपल्याबरोबर येतो, तसंच.

लांज्याचा_फणस
आपल्या सैन्याने चौकशी केली असं ताईंनी लिहिलंय. ती कुठली?

अवकाशवेडा_पुणे
लडाख. ऑगस्ट २०१२ ते फेब्रुवारी २०१३ या काळात आपल्या जवानांना प्याँगाँग सरोवराच्या बाजूला, चीनच्या दिशेने, आकाशात तेजस्वी गोल दिसत होते. ३२९ वेळा पाहिल्याची नोंद झाली. टेहळणीची ड्रोन असावीत असा संशय, आणि त्या जागी संशय यायलाच हवा. शेवटी बंगळुरूच्या भारतीय खगोलभौतिकी संस्थेला विचारलं. त्यांची वेधशाळा लडाखमध्येच, हानले इथे आहे. उत्तर आलं: गुरू आणि शुक्र. पातळ, स्वच्छ हवेत ग्रह इतके प्रखर दिसतात की मैदानातून गेलेला माणूस फसतो.

लोक या बातमीवर हसले होते. मला राग आला होता. उणे तापमानात पहाऱ्यावर उभ्या असलेल्या पोराने दिसलं ते लिहून काढलं, वेळ लिहिली, म्हणूनच शास्त्रज्ञांना ग्रहांची गती ताडून पाहता आली. लिहिलंच नसतं तर?

आणि १९ नोव्हेंबर २०२३ ला इंफाळ विमानतळावर अनोळखी वस्तू दिसली म्हणून काही तास उड्डाणं थांबवली, हवाई दलाने राफेल पाठवली. हाताला काही लागलं नाही. पण कोणी हसत बसलं नाही, हे मला महत्त्वाचं वाटतं.

झाडीपट्टी
मी कोकणातला नाही, चंद्रपूरकडचा. पण राहवलं नाही. २ एप्रिल २०२२, गुढीपाडव्याची संध्याकाळ. आम्ही अंगणात होतो. उत्तरेच्या बाजूने आगीचे लोळ एकामागे एक, रांगेने, सावकाश आभाळ ओलांडून गेले. उल्का असती तर डोळ्याची पापणी लवेतो संपली असती. हे कितीतरी वेळ चाललं. आमची म्हातारी हात जोडून उभी होती. त्याच रात्री सिंदेवाही तालुक्यात लाडबोरीला धातूची भलीमोठी कडी पडली, पुढच्या दिवसांत आसपास गोळेही सापडले. गावकऱ्यांनी पोलिसांना कळवलं, पुढे इस्रोची माणसं आली. चिनी 'लाँग मार्च' रॉकेटचा वरचा टप्पा परत वातावरणात शिरून जळला होता असं निघालं. आमच्याकडे सगळ्यांनी पाहिलं म्हणून कोणाला लाज वाटली नाही. एकट्याने पाहिलं असतं तर अण्णांसारखंच झालं असतं.

दर्यावर्दी_हर्णे
धागा आज वाचला. माझा स्वतःचा ट्रॉलर आहे, वडिलांपासून धंदा.

समुद्रावरचे दिवे म्हणाल तर मोठा उपद्रव एलईडीवाल्यांचा, म्हणजे एलईडी दिवे लावून मासेमारी करणाऱ्यांचा. केंद्राने २०१७ मध्ये बंदी घातली, तरी अंधाऱ्या पक्षात बाहेर दिवाळी असते. पाण्यावर आणि पाण्यात इतका उजेड सोडतात की ढग खालून पांढरे होतात. लहान मासळी, मोठी मासळी सगळी उजेडाकडे येते आणि एकाच जाळ्यात जाते. मागून येणाऱ्या पारंपरिक होडीला काय राहणार? पोरगा विचारतो, बाबा शहर आहे का तिकडे? काय सांगू त्याला. किनाऱ्यावर उभं राहून "गूढ प्रकाश" म्हणून मोबाईलवर टाकणारे पुष्कळ बघितले. ते गूढ नाही, ती आमच्या ताटातली मासळी आहे.

पण तो उजेड पांढरा, कधी हिरवट. तांबडा नाही. म्हणून ताई, तुमच्या अण्णांचं मला बारीक कळलं पाहिजे.

लांज्याचा_फणस
एलईडीबद्दल +१००. यावर वेगळा धागा निघायला हवा.

भूगोलाच्या_बाई
@दर्यावर्दी बरोबर बोलले. इतकी चर्चा झाली आणि अण्णांना अजून आपण धड काही विचारलेलंच नाही! ब्लू बुकच्या पहिल्या प्रमुखाने, एडवर्ड रुपेल्टने, यासाठीच साक्षीदारांकरता ठराविक प्रश्नावली तयार करून घेतली होती. आणि त्या प्रकल्पाचे सल्लागार खगोलशास्त्रज्ञ जे. ॲलन हायनेक आले तेव्हा अशा नोंदी धुडकावणारे होते, पण पुढे त्यांची तक्रार हीच झाली की हवाई दल माणसांना नीट विचारतच नाही. १९६६ मध्ये मिशिगनच्या दिव्यांना त्यांनी दलदलीतला वायू म्हटलं आणि देशभर टीका ओढवून घेतली. आपल्याकडे कोणी खाजणातला वायू म्हणेल तसंच ते. शक्य होतं, पण डोळ्यांनी पाहिलेल्या माणसाला तो अपमान वाटला.

ताई, तुम्ही गावी फोन करा, घरात कोणी पोरसवदा असेल त्याला हाताशी घ्या आणि हे बघा. अण्णांना त्या रात्री जिथे उभे होते तिथेच उभं करायचं. दिवा कुठल्या झाडाच्या, कुठल्या खांबाच्या रेषेत होता? मोबाईलमधल्या होकायंत्राने ती दिशा लिहायची. हात पूर्ण लांब करून, एक डोळा मिटून, पाण्याच्या रेषेपासून दिवा किती बोटं वर होता ते मोजायचं. लांब धरलेलं एक बोट म्हणजे दीड-दोन अंश, मिटलेली मूठ म्हणजे दहा. किती वेळ दिसला हे मिनिटांत विचारू नका, माणूस चुकतो. त्या वेळात तुम्ही काय काय केलंत, असं विचारा. आणि दिवा दिसायला लागला ती घडी सांगा म्हणावं, संपला ती घडी सांगा म्हणावं. मध्ये आपण शब्द घालायचे नाहीत.

जुना_रडारवाला
बाई, तुम्ही आमच्या युनिटला हव्या होतात.

वैनतेय_दापोली
विचारा जरूर. पण उत्तर आधीच ठरवून विचारू नका, एवढीच विनंती.

खळ्यातली_सुपारी
मंडळी, भाच्याला घेऊन केलं सगळं. व्हिडिओ कॉलवर मी होते. अण्णा आधी "कशाला ते" म्हणाले, पण भाच्याने वही काढल्यावर ताठ उभे राहिले. लिहिते.

दिशा: तुळशीपासून पाहिलं तर डावीकडच्या दोन माडांच्या मधोमध. होकायंत्रावर २४०, म्हणजे पश्चिमेच्या थोडं दक्षिणेला.

उंची: पाण्यापासून साधारण एक बोट. त्याच्या वर गेला नाही.

आवाज नाही.

चाल: मी वर "थांबला, हलला" लिहिलं ते अण्णांचं नव्हे, माझ्या घाईचं होतं. ते आज म्हणाले की पाण्यातून ठिणगी उडाल्यासारखा सरकन वर गेला, वर जाऊन एकदम मोठा झाला, मग अगदी हळू, उत्तरेकडे कलत खाली आला आणि पाण्याला टेकायच्या आत विझला. मग काही वेळाने त्याच माडांच्या मधून दुसरा. तसाच.

रंग: "डाळिंब फोडल्यासारखा."

वेळ: नळाखाली कळशी लावली होती आणि ती भरत असताना पहिला दिसला. दिसला तेव्हा त्यांनी नुकताच नळ सोडला होता, आणि विझला तेव्हा पाणी कळशीच्या गळ्याशी आलं होतं. भाच्याने तीच कळशी त्याच नळाखाली लावून मोजलं. ३८ सेकंद.

भूगोलाच्या_बाई
किती छान साक्ष दिली अण्णांनी! नळाचं पाणी रोज सारखं येत नाही, म्हणून पाऊण मिनिटाच्या आसपास धरू.

दर्यावर्दी_हर्णे
ताई, मी हे दोनदा वाचलं आणि मग बायकोला वाचून दाखवलं. स्पष्ट लिहितो.

आमच्या बोटीवर लाल पॅराशूट रॉकेट असतात. नळकांडं हातात धरून खालची दोरी ओढायची. सरळ वर तीनशे मीटर जातं, वर फुटतं, छत्री उघडते आणि लालभडक दिवा वाऱ्यावर कलत हळूहळू खाली येतो. चाळीस सेकंद जळतो. स्वच्छ रात्री वीसेक मैलांवरूनही दिसतो. एक टाकायचं, वाट बघायची, मग दुसरं टाकायचं, म्हणजे पहिलं कोणी पाहिलं असेल तर त्याला दिशा पक्की करता येते.

ते उगाच टाकत नाहीत. बोट अडचणीत आहे, मदत करा, असा त्याचा अर्थ.

लांज्याचा_फणस
अंगावर काटा आला.

भूगोलाच्या_बाई
हिशोब जुळतोय. तीनशे मीटर उंची आणि दीड-दोन अंश म्हणजे बोट किनाऱ्यापासून नऊ ते अकरा किलोमीटरवर असावी.

अवकाशवेडा_पुणे
१३ मार्च १९९७ ला ॲरिझोनातल्या फिनिक्सवर रात्री दहाच्या सुमाराला दिव्यांची रांग दिसली होती. सरावाला आलेल्या ए-१० विमानांनी सोडलेल्या छत्रीच्या फ्लेअर होत्या त्या, डोंगरामागे गेल्या तशा एकेक विझल्या. मी हे इथे आधीच लिहायला हवं होतं. पण आपण सगळे अमेरिकेत फिरत होतो.

वैनतेय_दापोली
अण्णांचा दिवा फ्लेअरच. मला पूर्ण पटलं. ७०१ चा माझा प्रश्न तसाच आहे, त्यावर नंतर बोलू. आत्ता मला त्या बोटीचं काय झालं याची काळजी लागलीय.

खळ्यातली_सुपारी
मी खूप वेळ काही लिहू शकले नाही. अण्णांना हे सांगायचं कसं? त्यांनी पाहिलं आणि कोणाला सांगितलं नाही. का, तर लोक हसतील म्हणून.

दर्यावर्दी_हर्णे
फोनवर सांगू नका, गावी जा. आणि हेही सांगा की मुदत संपलेली रॉकेटं कधी कधी पोरं मजेत उडवतात. चुकीचं आहे, पण होतं. शिवाय त्या पट्ट्यात रात्री इतर बोटी असतात, अण्णांना दिसलं ते त्यांनाही दिसलं असणार. मी इकडे विचारतो, तुम्ही तुमच्या जेट्टीवर विचारा. आणि पुन्हा कधी दिसलं तर तटरक्षक दलाचा १५५४, सागरी पोलिसांचा १०९३. दोन्ही फुकट लागतात. दिशा, वेळ आणि रंग एवढं सांगितलं तरी पुरतं.

जुना_रडारवाला
ताई, तुमच्या पहिल्या प्रश्नाकडे येतो. २०२१ च्या जूनमध्ये अमेरिकेच्या गुप्तचर खात्याने सैन्याकडच्या १४४ नोंदींचा अहवाल दिला. एकाचंच खात्रीने उत्तर मिळालं होतं, हवा जाणारा मोठा फुगा. बाकीच्यांबद्दल पुरेशी माहितीच नव्हती. आणि त्याचं एक कारण त्यांनी काय लिहिलं, तर वैमानिक हसं होईल म्हणून सांगायला कचरतात. लढाऊ विमान चालवणारे, तेही अण्णांसारखेच गप्प बसले होते. पुढच्या वर्षी त्यांनी यासाठी वेगळं कार्यालय काढलं, 'आरो' नावाचं. हसं न होता नोंद करायची जागा असणं, हेच मला या सगळ्या चौकश्यांचं खरं फळ वाटतं. इंग्लंडने मात्र आपली खिडकी २००९ मध्ये बंद केली. पन्नासहून जास्त वर्षांत एकाही नोंदीतून देशाला धोका दिसला नाही, म्हणाले. मला तो निर्णय पटलेला नाही.

मालवणी_बांगडो
मी पयल्यांदा वेताळ म्हटलंय, ताई. आता आजयेक ह्या वाचून दाखवलंय. ती म्हणता, वेताळाची मशाल पण तशीच वर जाय आणि खाली येय. आता ती रात्रभर इचार करतली.

खळ्यातली_सुपारी
चार दिवस गावी होते, आज परत आले.

रात्री जेवणं झाल्यावर सांगितलं. अण्णा बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "दुसरा दिवा आला तेव्हा मला वाटलं होतं, कोणीतरी बोलावतंय. पण म्हटलं, आपल्याला कोण बोलावणार?"

सकाळी दोघं जेट्टीवर गेलो. त्या महिन्यात आमच्या भागातली बोट बुडाल्याचं किंवा माणूस गेल्याचं कोणालाच आठवत नाही. एक तांडेल म्हणाले, पौषात उत्तरेकडच्या एका बोटीचा गिअर तुटला होता, रात्रभर वाहवत होती, पहाटे दुसऱ्या बोटीने ओढून आणली. तीच का, त्यांना सांगता येईना. अण्णांनी त्यांना दिशा आणि वेळ लिहिलेला वहीचा कागद दिला. तांडेलांनी तो घडी घालून खिशात ठेवला, हसले नाहीत.

ओटीच्या दाराच्या आतल्या बाजूला, जिथे पूर्वी गाड्यांच्या वेळा लिहिलेल्या असायच्या, तिथे आता खडूने १५५४ आणि १०९३ लिहिलंय. अक्षर अण्णांचं.

आत्ता अकराला पोचल्याचा फोन केला तर आईने उचलला. म्हणाली, अण्णा खळ्यात आहेत, भाच्याचं घड्याळ घेऊन.